अर्ध्यावर न सोडलेलं वाजवणं

त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. आमची कुलदेवी तुळजापूरची. परदेशात येऊन इतकी वर्षं झाली, तरी अंघोळ झाली की तिच्या तसबिरीपुढे हात जोडायचे आणि मगच गाडीची किल्ली उचलायची, असा माझा नेम होता. नेम मोडायला फारसं काही लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्या बायकोला, स्नेहलला, सातवा महिना लागला होता. मुलगी आहे हे इथे आधीच सांगतात, त्यामुळे आम्हाला ते माहीत होतं. तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवायच्या आणि त्या चिमुकल्या काळजाचा ठोका खोलीभर घुमायचा, धक् धक् धक् धक्, कुणी अनवाणी धावत यावं तसा. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला माणूस. दर वेळी स्नेहलला म्हणायचो, "बघ, किती पक्की लय आहे. बापावर गेली." आणि एका तपासणीला त्या यंत्रातून नुसती खरखर आली. बाईंनी ते इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. स्नेहल छताकडे बघत ठोक्याची वाट पाहत राहिली.

पुढचं सगळं दवाखान्याने सांभाळलं आणि फार माणुसकीने सांभाळलं. मात्र स्नेहल रडली नाही. दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही, मुलीसाठी घेतलेलं कपाट तिची आई आवरत होती तेव्हाही नाही. ही बाई दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची आणि दिवसभर बोलून बोलून घरी आली तरी तिच्यापुढे रेडिओने हात टेकावेत, अशी तिची ख्याती. आता विचारलं तेवढ्याला उत्तर. "जेवलीस?" "हो." "झोप लागली?" "नाही." संपलं. गावाकडून फोनांवर फोन येत. तिला रडवा म्हणे, रडली नाही तर दुःख आत गोठून बसतं. जणू रडणं म्हणजे बाटलीचं बूच आहे आणि मी मुद्दामच काढत नाहीये. कुणी नवस सुचवला, कुणी आमच्या घरात काय राहून गेलं असेल त्याचा शोध लावला. मी एकेकाला उलट उत्तरं देत सुटलो. स्नेहल एकदाच एवढं म्हणाली, "मला रडू येत नाहीये. तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघू नका ना, प्लीज."

तिच्या आईचा व्हिजा संपला आणि त्या परत गेल्या. मग लातूरहून तिच्या भावाचा फोन आला. "दाजी, राग मानू नका. ती तिथं खंगून जाईल. मी येतो अन् घेऊन जातो तिला." मी हो म्हणालो, कारण नाही म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण मनातून पक्कं ठाऊक होतं की ही अशी, आतून दार लावलेली, इथून गेली तर माझ्याकडे परत यायची नाही. आमचं भांडण नव्हतं. आम्ही एका पलंगावर झोपत होतो. तरी ती रोज थोडी थोडी लांब जात होती आणि मला ते थांबवता येत नव्हतं. तसबिरीवर धूळ बसली होती. बसू दे म्हटलं.

तिला अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटीला ठेवायचा धीर होईना म्हणून भाऊ येईपर्यंत मी तिला रोज सोबत नेऊ लागलो. माझा स्टुडिओ दुबईत, गोदामांच्या वस्तीत. दोन खोल्या आणि मधे जाड काच. काचेपलीकडे वाजवणारे बसतात, अलीकडे मी, माझी यंत्रं, दोन मोठे स्पीकर आणि एक जुना सोफा. स्नेहल त्या सोफ्यावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. तिला पुस्तक दिलं तर पुस्तक हातात धरायची.

तेव्हा जे काम हातात होतं त्याच्याविषयी माझं मत काही फार चांगलं नव्हतं. नादिया नावाची एक मोरोक्कन मुलगी, जन्मापासून शारजात वाढलेली, क्लबांमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवते. तिला तिच्या आजोळचं ग्नावा संगीत आणि क्लबचा ठेका यांचा मेळ घालायचा होता. जगात जे जे म्हणून पवित्र आहे त्याच्याखाली ढुम ढुम टाकायचं आणि विकायचं, अशी माझी या प्रकाराबद्दल धारणा. यासाठी तिने मोरोक्कोहून एका उस्तादांना बोलावलं होतं. त्यांच्याकडे उस्तादाला मालेम म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. साठी ओलांडलेले, उंच, काळेसावळे, हसरे. त्यांचं वाद्य गिंब्री: लाकडाचं लांबट खोकं, त्यावर उंटाचं कातडं, तीन जाड तारा. आवाज इतका खोल की तो कानांआधी पोटाला कळतो. सोबत त्यांचे दोन पुतणे, हातात लोखंडी चिपळ्यांसारखी क्राकेब घेऊन. ही मंडळी आपल्या गावी रात्र रात्र वाजवतात, एकेका अदृश्य शक्तीला तिच्या रंगाने, तिच्या धुपाने, तिच्या सुरावटीने बोलावतात, आणि ज्याची सुरावट लागते तो माणूस उठून घुमायला लागतो. नादियाने हे समजावून सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, यात मला नवीन काय? आमच्याकडे संबळ वाजतो, ऊद जळतो, आई गोंधळाला येते.

पहिल्याच दिवशी मालेमनी खिशातून उदाची पुडी काढली आणि मी दोन्ही हात वर करून आडवा आलो. छताला धुराची घंटा. ती वाजली तर अख्खी इमारत खाली उतरते आणि सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे आग विझवणाऱ्यांची, गाडी येते. नादियाने अरबीत समजावलं. मालेमनी मान डोलावली, गिंब्री उचलली आणि आम्ही सगळे गाड्या लावतात तिथे गेलो. दोन पिकअपच्या मधे, त्या उन्हात, त्यांनी वाद्याला धूप दाखवला. क्राकेबना दाखवला. मग मला, नादियाला आणि गाडीच्या सावलीत उभ्या असलेल्या स्नेहललाही दाखवला. शेजारच्या टायरवाल्याने जवळ येऊन विचारलं, "सब खैरियत, भाई?"

कामाला बसलो आणि पहिली ठिणगी पडली. माझी कामाची रीत अशी की चूक झाली की थांबवायचं, दोन पावलं मागे जायचं, तेवढाच तुकडा पुन्हा घ्यायचा. मी थांबवलं. मालेमनी वाद्य खाली ठेवलं आणि नादियाशी हळू आवाजात बोलले. ती काचेआडून म्हणाली, "भाई, मालेम बोल रहे हैं, शुरू किया तो पूरा करेंगे. गलती हुई तो फिर से पहले से. बीच में नहीं छोड़ते." मी विचारलं, का? मालेमनी उत्तर दिलं आणि तिने ते मला सांगितलं: एखादा वाजवण्याच्या आत गेलेला असेल आणि आपण मधेच थांबलो, तर तो तिथेच अडकतो. मी म्हटलं, इथे कोण आत जाणार आहे, इथे तर एसी आणि वायर्स आहेत. नादियाने हे अरबीत सांगितलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. क्लबचा ठेका यंत्राचा, रेषेवर चालणारा, एका गतीचा. मालेमचं वाजवणं संथ सुरू होतं आणि चढत जातं, आणि क्राकेब तीनात आहेत की चारात हे भल्याभल्यांना ठरवता यायचं नाही. मी त्यांच्या कानात हेडफोन दिले, त्यात यंत्राची टिकटिक सोडली, आणि तिच्यासोबत वाजवा म्हटलं. ते बिचारे निमूटपणे वाजवत. पण लग्नात कुणाचा तरी उसना कोट घातलेल्या माणसासारखं ते वाजवणं दिसायचं. सगळं जागच्या जागी आणि जीव कुठेच नाही. नादिया ओठ चावत बसायची आणि मी स्वतःची समजूत घालायचो की नंतर एडिटिंगमध्ये बघू.

असे काही दिवस गेले. भाऊ यायची वेळ जवळ आली. त्या दुपारी एक नवीन सुरावट घ्यायची होती. नादियाने तिच्या मध्यावर एक 'ड्रॉप' ठेवला होता. ड्रॉप म्हणजे क्लबमधली जुनीच युक्ती: खालचा मोठा ठोका एकदम काढून घ्यायचा, काही क्षण सगळं शांत, नाचणाऱ्यांचा श्वास अडकतो, आणि मग ठोका दुप्पट जोराने परत येतो. लोक वेडे होतात म्हणे.

मालेमनी सुरुवात केली. यंत्राचा ठोका त्यांच्या खाली आला, आणि त्या दिवशी का कोण जाणे, तो बसला. मी स्पीकर थोडे वाढवले. तेव्हा डब्याच्या झाकणावर काहीतरी वाजल्यासारखं झालं. मागे वळून पाहिलं तर स्नेहलचं बोट झाकणावर चाललं होतं, ठोक्याबरोबर. मग तिने डबा बाजूला ठेवला. उभी राहिली. पावलं जागच्या जागी पडू लागली, मग खांदे, मग मान. केसांची क्लिप कुठेतरी उडाली. मी खुर्चीत थिजलो. लहानपणी आत्याला घुमताना पाहिलं होतं, तेव्हा घाबरून आईच्या मागे लपलो होतो. आता लपायला कुणी नव्हतं. काचेपलीकडून मालेम तिच्याकडे बघत होते आणि वाजवत होते. त्यांच्या रंगीत वस्त्रांची पिशवी सोफ्यापाशी पडली होती, त्यातलं हळदीच्या रंगाचं वस्त्र माझ्या शेजारी बसलेल्या नादियाने काढलं, स्नेहलच्या खांद्यावर टाकलं आणि ती पडू नये म्हणून हात पसरून तिच्यामागे उभी राहिली.

आणि मग तो ड्रॉप आला. यंत्राने ठोका काढून घेतला.

स्नेहल होती तिथे थांबली आणि गुडघ्यांवर आली. तोंड उघडं, श्वास आत अडकलेला, नजर वर छताला. तो चेहरा मी आधी पाहिला होता. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पाहिला होता, यंत्र खरखरत होतं तेव्हा. त्या क्षणी मला कळलं की ती इतका वेळ कशावर पावलं टाकत होती. तिला तो ठोका परत मिळाला होता आणि मी तो पुन्हा तिच्याकडून काढून घेतला होता.

मालेमनी मानेच्या एका झटक्यात हेडफोन उडवून दिले. गिंब्री थांबली नाही, उलट चढली, आणि पुतण्यांनी क्राकेब उचलून धरल्या. पण आता त्यांच्या कानात टिकटिक नव्हती, ते त्यांच्या स्वतःच्या गतीने चालले होते, आणि काही क्षणांत यंत्र आपल्या गतीने ठोका घेऊन परत येणार होतं. दोन गतींची टक्कर झाली असती. "स्टॉप करूं?" नादिया ओरडली. "नको," मी म्हणालो. लहानपणी आमच्या घरी गोंधळ घालायला येणाऱ्या म्हातारबुवांचं वाक्य माझ्या कानात वाजलं: बोलावलेल्या आईला उंबऱ्यावर सोडून उठायचं नसतं. यंत्रात एक सोय असते. एका बटनावर बोटाने ठोके देत गेलं की यंत्र आपली गती सोडून तुमच्या बोटाची गती धरतं. सहसा ती सुरुवातीला एकदा वापरतात आणि विसरून जातात. मी बोट त्या बटनावर ठेवलं, डोळे मालेमच्या हातावर लावले आणि ठोके देऊ लागलो.

इतक्या वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. मी गती लावून द्यायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागे यायचं, हीच माझी रीत. आता मालेमचा हात जाईल तिकडे माझं बोट आणि बोट जाईल तिकडे ते अवाढव्य यंत्र. पहिले काही ठोके चुकले. मग मी मोजणं सोडलं आणि ठोका सापडला. स्पीकरमधून तो खोल, पोटात लागणारा ठोका परत आला, धक् धक् धक् धक्, गिंब्रीला चिकटून, तिच्याबरोबर चढत. स्नेहलच्या छातीत श्वास परत आला. ती गुडघ्यांवरच घुमू लागली, केस जमिनीला लागत होते. गती वाढत गेली. माझं बोट दुखायला लागलं. मी प्रत्येक ठोक्याला काहीतरी पुटपुटतोय हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी "आई, आई, आई" म्हणत होतो. ज्या आईशी बोलणं टाकलं होतं तिलाच.

किती वेळ चाललं सांगता येणार नाही. शेवटी मालेमनी मान वर केली, पुतण्यांकडे पाहिलं, आणि सगळं मिळून एका जागी आलं आणि संपलं. ते मधे तुटलं नाही. पूर्ण झालं आणि मग थांबलं. माझं बोट उचललं गेलं. स्नेहल नादियाच्या हातांत आडवी झाली, आणि त्या शांततेत तिने पहिला हुंदका दिला. मग ती रडली. बाळंतिणी कण्हतात तसा आवाज होता तो. मी जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मीही रडलो. मलाही तोवर कुठे रडता आलं होतं?

मालेम आत आले. नारिंगीच्या फुलांचं पाणी तिच्या तोंडावर शिंपडलं, खजूर दिला, माझ्या फ्रिजमधलं दूध एका कपात ओतून तिच्या ओठांना लावलं. नादियाला काहीतरी विचारलं. मला वाटलं आता काही मोठं गूढ बोलणार. ती म्हणाली, "पूछ रहे हैं, इसने सुबह से कुछ खाया है क्या?" डबा तसाच होता. मालेमनी तो उघडला, पोळीचा तुकडा मोडून भाजी लावली आणि तिच्या हातात दिला. स्नेहलने खाल्ला. मी त्यांचे हात धरले, तर त्यांनी एक बोट वर केलं, "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले, आणि चहा मागितला.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, कधी कधी शरीर मनाच्या आधी वाट काढतं. मालेमचं म्हणणं, तिची सुरावट सापडली. माझी आई फोनवर ऐकत होती, म्हणाली, "अरे, आई आली होती, तू ओळखलं नाहीस का?" मी कुणाशीच वाद घातला नाही, आणि माझ्यासारख्या वादाला सोकावलेल्या माणसासाठी हेही काही थोडं नव्हे. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी मी गती लावणं सोडलं, कुणाच्या तरी हाताकडे बघून नुसतं मागे गेलो, आणि जे माझ्या कुठल्याही शहाणपणाला जमलं नव्हतं ते झालं. शरण जाणं म्हणजे हात टेकून बसणं असं मी समजत होतो. तेव्हा कळलं की त्यात बोट दुखेपर्यंत काम असतं, फक्त गती आपली नसते.

भाऊ आला तो आठवडाभर राहिला, बहिणीच्या हातचं जेवला आणि एकटाच परत गेला. नादियाने सगळ्या सुरावटींमधले ड्रॉप काढून टाकले आणि पुढचं सारं काम त्याच पद्धतीने केलं, मालेम पुढे, माझं बोट मागे. त्या दुपारचं ध्वनिमुद्रण वापरू का, असं तिने स्नेहलला विचारलं. स्नेहल म्हणाली, "वापर. पण संपतं तिथेच कट कर हं, माझं रडणं नको." क्लबमध्ये लोक आता त्यावर नाचतात. नाचू देत, मला त्याचं वाईट वाटत नाही.

ती रडली त्याच दिवशीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. संध्याकाळी आम्ही अजमानला निघालो होतो आणि नेहमीप्रमाणे शारजाच्या हद्दीपाशी गाड्या तुंबल्या होत्या. स्नेहल खिडकीला डोकं टेकून बसली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं झोपली. तेवढ्यात ती म्हणाली, "आपण तिला नावच दिलं नाही रे." सगळ्यांनी सांगितलं होतं, नाव ठेवू नका, माया वाढते. मी म्हणालो, "देऊ या." तिने नाव सांगितलं. मनात कधीपासून ठरवलेलं होतं म्हणाली. मी ते नाव मोठ्याने उच्चारलं, तिनेही उच्चारलं, आणि पुढची गाडी हलेपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्या देवीने आमची लेक आपल्याकडे नेली, तिला आता लेकीला काय म्हणून हाक मारायची ते ठाऊक आहे.